क्यूजीआयएस प्लगिनसाठी विकास-वातावरण: जळगावातल्या एका मोजणी कार्यालयाचं प्रकरण

रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात केळीच्या मळ्यांची ठिबकसाठी मोजणी करून देणारं जळगावातलं एक छोटं कार्यालय. काम सरळ: जीपीएस घेऊन बांधाबांधाने फिरायचं, हद्दीचे बिंदू आणायचे, क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा पॉलिगॉन (बंद आकृती) करायचा आणि क्षेत्र एक्सेलमध्ये उतरवायचं. अडचण होती ती क्षेत्र सांगण्याच्या रीतीत. कागद सातबाऱ्याशी जुळवायचा तर हेक्टर, आर आणि चौरस मीटर हवेत, म्हणजे ०.८१.५० असं. पण मळ्यात उभा असलेला माणूस म्हणतो, "भाऊ, हेक्टरचं राहू द्या, गुंठे सांगा." रोपांची मागणी तो गुंठ्या-एकरावर ठरवतो. दोन्ही रूपं हाताने काढताना चुका व्हायच्या, म्हणून निवडलेल्या सगळ्या गटांची दोन्ही क्षेत्रं एका बटणावर ॲट्रिब्यूट टेबलात (नकाशातल्या आकृत्यांच्या माहितीच्या तक्त्यात) भरणारं प्लगिन, म्हणजे क्यूजीआयएसला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, करायचं ठरलं.

प्लगिनचा कोड दोनशे ओळींच्या आतबाहेर. तो लिहायला फार वेळ लागला नाही. चारही कॉम्प्युटरांवर तो सारखा चालेल अशी बैठक जमवायलाच खरा वेळ गेला, आणि हे प्रकरण त्या बैठकीचं आहे.

पायथन कुणाचं?

कोड लिहिणाऱ्या मुलाने पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वेगळी उतरवून बसवली, व्हीएस कोड हा एडिटर उघडला, पहिली इम्पोर्टची ओळ लिहिली आणि चालवली. उत्तर आलं: 'नो मॉड्यूल नेम्ड क्यूजीआयएस'. पिपने (पायथनच्या लायब्ररी बसवणाऱ्या साधनाने) हे मॉड्यूल बसवता येत नाही. विंडोजवर क्यूजीआयएस स्वतःचं पायथन सोबत घेऊन येतं आणि प्लगिन फक्त त्याच पायथनमध्ये चालतं. प्लगिनची गत सालदारासारखी असते: औत, बैल, विहीर सगळं मालकाचं. मालकाकडे नसलेलं औजार शेजाऱ्याच्या गोठ्यात असून उपयोग नाही.

यावर सुचलेला उपाय मूळ दुखण्याहून वाईट निघाला. विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये 'पायथनपाथ' नावाचं व्हेरिएबल कायमचं टाकून त्यात दोन्हीकडची फोल्डरं दिली गेली. आता क्यूजीआयएस सुरू होताना वेगळ्या पायथनची नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी उचलू लागलं. नमपायचा गाभा सीमध्ये लिहून कंपाइल केलेला असतो आणि तो पायथनच्या नेमक्या आवृत्तीसाठीच बांधलेला असतो, ३.१२ साठीचा गाभा ३.९ मध्ये चढत नाही. परिणामी प्रोसेसिंग टूलबॉक्सच (नकाशावरच्या क्रियांची पेटी) गायब झाला, आणि नवं प्लगिन राहिलं बाजूला, रोजचं कामही थांबलं. ते व्हेरिएबल काढलं, मशीन पुन्हा सुरू केलं, की सगळं पूर्ववत. 'पायथनपाथ' आणि 'पायथनहोम' ही दोन व्हेरिएबलं विंडोजमध्ये कायमची कधीच ठेवू नयेत. क्यूजीआयएस सुरू करणाऱ्या बॅच फाइली आपलं पायथन कुठे आहे ते स्वतः सांगतात.

लायब्ररी बसवायची असेल तर वाट एकच. क्यूजीआयएससोबत येणारं ओएसजिओ४डब्ल्यू शेल (कमांड लिहायची खिडकी) उघडायचं, त्यात 'पायथन-क्यूजीआयएस-एलटीआर' ही बॅच फाइल चालवायची आणि तिला पिपचं मॉड्यूल चालवायला सांगायचं. साध्या कमांड प्रॉम्प्टवर नुसतं 'पिप इन्स्टॉल' लिहिलं, तर ते कोणत्या पायथनमध्ये गेलं हे शोधण्यातच दुपार जाते.

चार मशीन, तीन आवृत्त्या

पाहणी केली तेव्हा दोन मशीनवर ३.२८ होतं, एकावर ३.३४ आणि नव्या लॅपटॉपवर ३.४०. मोजणीच्या रोजच्या कामाला हा फरक कधी जाणवला नव्हता. प्लगिनला तो लगेच जाणवला. ३.२८ सोबत पायथन ३.९ येतं, ३.४० सोबत ३.१२. नव्या लॅपटॉपवर लिहिलेल्या कोडमध्ये 'मॅच' हे विधान होतं, ते ३.१० पासून आलं, म्हणून जुन्या मशीनवर सरळ सिंटॅक्स एरर. उलट बाजूने 'डिस्टयुटिल्स' वापरणारं एक जुनं प्लगिन नव्या लॅपटॉपवर उघडेना, कारण ३.१२ मध्ये ते काढून टाकलं आहे.

क्यूजीआयएसच्या स्वतःच्या एपीआयमध्येही (प्लगिनने वापरायच्या फंक्शनांच्या संचात) असाच एक खड्डा आहे. टेबलात नवा रकाना जोडताना त्याचा प्रकार पूर्वी 'क्यूव्हेरियंट'ने सांगायचे, ३.३८ पासून 'क्यूमेटाटाइप'ने सांगायचा. जुनी पद्धत नव्या आवृत्तीत नुसती कुरकुर करते, पण नवी पद्धत जुन्या आवृत्तीत टाइप एरर देऊन थांबते. नव्या मशीनवर लिहून जुन्यावर पाठवण्यात धोका जास्त तो याचमुळे.

तेव्हा पहिलं काम: सगळीकडे एकच दीर्घकालीन आवृत्ती. क्यूजीआयएसची साधी आवृत्ती दर चार महिन्यांनी येते. दीर्घकालीन आवृत्तीला वर्षभर दुरुस्त्या मिळत राहतात आणि वैशिष्ट्यं मात्र बदलत नाहीत. कार्यालयाला नवलाईची गरज नव्हती. ३.४० ठरलं.

बसवण्यासाठी ओएसजिओ४डब्ल्यूचा इन्स्टॉलर घेतला. पूर्ण क्यूजीआयएस उतरवायला एक जीबीच्या वर डेटा लागतो आणि चार मशीनवर चारदा तो ओढण्यात अर्थ नव्हता. या इन्स्टॉलरमध्ये तीन पर्याय असतात: इंटरनेटवरून बसवा, नुसतं उतरवून ठेवा, आणि स्थानिक फोल्डरातून बसवा. एका मशीनवर 'नुसतं उतरवा' निवडून पॅकेजांचं फोल्डर भरलं, ते पेन ड्राइव्हवर घेतलं आणि उरलेल्या मशीनवर 'स्थानिक फोल्डरातून' बसवलं. डेटा वाचला हा वरकड फायदा. चारही ठिकाणी शेवटच्या आकड्यापर्यंत तंतोतंत तीच आवृत्ती बसली, हे जास्त मोलाचं. इंटरनेटवरून सोमवारी आणि गुरुवारी बसवलेल्या दोन मशीनांत तेवढ्यात एखादं पॅकेज पुढे सरकलेलं असू शकतं. ते फोल्डर पुसू नये. एखादं मशीन बिघडलं तर तेच पुन्हा लागतं.

बसवण्याची जागा सी ड्राइव्हच्या मुळाशी ठेवली, 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये नाही. नावात स्पेस आला की हाताने लिहिलेल्या बॅच फाइलींमध्ये अवतरणचिन्हं विसरली जातात, आणि तिथे काही लिहायचं तर दरवेळी ॲडमिनची परवानगी मागितली जाते.

फोल्डर, प्रोफाइल आणि जंक्शन

क्यूजीआयएसमध्ये प्रोफाइल नावाची सोय आहे. प्रत्येक प्रोफाइलचं स्वतःचं सेटिंग, स्वतःची प्लगिनं. विकासासाठी 'डेव्ह' नावाचं वेगळं प्रोफाइल केलं आणि डेस्कटॉपवर दुसरा शॉर्टकट ठेवला, ज्याच्या टार्गेटच्या शेवटी दोन आडव्या रेघा, 'प्रोफाइल' आणि हे नाव लिहिलं. अर्धवट प्लगिन सुरुवातीलाच कोसळलं तरी मोजणीवाल्यांचं क्यूजीआयएस शाबूत राहतं. प्रोफाइलसुद्धा उघडेना झालं तर 'नोप्लगिन्स' हा पर्याय देऊन उघडायचं, प्लगिन मॅनेजरमध्ये खूण काढायची आणि मग दोष शोधायचा.

कोड ठेवला डी ड्राइव्हवर, गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या देखरेखीखाली. प्रोफाइलमधल्या 'पायथन', त्यातल्या 'प्लगिन्स' फोल्डरात कोडची प्रत ठेवली नाही. विंडोजच्या 'एमकेलिंक' कमांडला 'जे'चा पर्याय देऊन फक्त एक जंक्शन, म्हणजे मूळ फोल्डराकडे नेणारा दुवा, ठेवलं. जंक्शनला ॲडमिनची परवानगी लागत नाही, सिम्बॉलिक लिंकला साधारणपणे लागते. मात्र जंक्शन स्थानिक ड्राइव्हवरच चालतं. नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डराकडे बोट दाखवायचं असेल तर 'क्यूजीआयएस प्लगिनपाथ' हे व्हेरिएबल वापरायचं, आणि तेही क्यूजीआयएसच्या सेटिंगमधल्या सिस्टिम टॅबवर द्यायचं.

इथेच सगळ्यात चिवट घोटाळा झाला. कोड बदलला, सेव्ह केला, क्यूजीआयएस पुन्हा सुरू केलं, तरी वागणं जुनंच. कोडमध्ये मुद्दाम चूक घातली तरी प्लगिन आपलं मजेत चालतंय! कारण आधी कुणीतरी झिपमधून बसवलेली प्रत एका जागी होती आणि नवी प्रत दुसऱ्या. दोन्हींचं फोल्डर-नाव एकच असल्याने पायथनला जी आधी सापडली ती त्याने उचलली. अशा वेळी अंदाज बांधत बसू नये. क्यूजीआयएसचा पायथन कन्सोल उघडावा, प्लगिनचं मॉड्यूल इम्पोर्ट करावं आणि त्याचं 'फाइल' हे गुणनाम छापून घ्यावं. कोणती फाइल चालते आहे त्याचा पूर्ण पत्ता समोर येतो. या एका ओळीने जेवढा वेळ वाचतो तेवढा कोणत्याच महागड्या एडिटरने वाचत नाही.

कोडचं फोल्डर डॉक्युमेंट्समध्ये ठेवलं असेल तर आधी पाहावं की वनड्राइव्ह ते वर चढवत तर नाही ना. सिंक सुरू असताना फाइल अडकून राहते आणि गिट विनाकारण रुसतं.

फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर एवढ्यातच ठेवावं, आकड्याने सुरू करू नये. कार्यालयाने आधी ते 'क्षेत्र' असं देवनागरीत ठेवलं होतं. पायथन ३ ला त्याचं वावडं नाही, पण क्यूजीआयएसच्या प्लगिनांच्या अधिकृत भांडारात ते चालत नाही. मेनूतलं नाव हवं तर मराठीत द्या. ते मेटाडेटाच्या (प्लगिनची माहिती देणाऱ्या) फाइलीतून येतं, आणि ती फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह केलेली हवी.

सांगाडा

'प्लगिन बिल्डर ३' हे प्लगिन सांगाडा तयार करून देतं. देतं खरं, पण फार देतं: भाषांतराच्या फाइली, मदतीचं फोल्डर, चाचण्यांचे नमुने. लहान कामाला यातलं निम्मं अडगळ आहे. पहिल्यांदा करणाऱ्याने ते एकदा चालवून पाहावं आणि मग हाताने लहान करावं. खरोखर लागतं ते एवढंच: 'इनिट' फाइल, जिच्यात 'क्लासफॅक्टरी' हे फंक्शन, मुख्य क्लास, ज्यात 'इनिटगुई' आणि 'अनलोड', आणि मेटाडेटाची मजकूर-फाइल, जिच्यात नाव, वर्णन, आवृत्ती, लेखक, ईमेल आणि किमान क्यूजीआयएस आवृत्ती.

सांगाड्यात चित्रांसाठी एक रिसोर्स फाइल असते आणि ती 'पायआरसीसी५' या साधनाने कंपाइल करावी लागते. ते साधन सापडत नाही हा नवशिक्यांचा नेहमीचा रडका सूर. त्यावर सरळ मार्ग म्हणजे रिसोर्स फाइल काढून टाकणं. आयकॉनचं चित्र प्लगिनच्या फोल्डरात ठेवावं आणि त्याचा पत्ता कोडच्या फाइलीच्या जागेवरून काढावा. कंपाइल करण्याची पायरीच उरत नाही.

बदल तपासायला दरवेळी क्यूजीआयएस बंद-चालू करणं परवडत नाही. 'प्लगिन रिलोडर' बसवलं की एका कळीने प्लगिन नव्याने चढतं. मात्र त्यासाठी 'अनलोड' नीट लिहिलेलं हवं. टूलबारवर ठेवलेलं बटण तिथून काढलं नाही तर प्रत्येक रिलोडला एक नवं बटण उगवतं आणि पाच-सहा वेळा झालं की टूलबारभर तोच आयकॉन. सिग्नल (बटण दाबताच फंक्शन चालवणारे दुवे) जोडले असतील तर तेही तोडावे लागतात, नाहीतर एका क्लिकला तेच काम तीनदा होतं आणि टेबलात तीन-तीन नोंदी पडतात.

डीबगर आणि दुसरी खिडकी

व्हीएस कोडमध्ये पूर्ण नावं सुचावीत म्हणून चार-पाच ओळींची बॅच फाइल केली: आधी ओएसजिओ४डब्ल्यूची वातावरण-फाइल बोलवायची, मग क्यूजीआयएसचं पायथन फोल्डर फक्त त्या खिडकीपुरतं 'पायथनपाथ'मध्ये घालायचं आणि शेवटी तिथूनच व्हीएस कोड सुरू करायचा. खिडकी बंद झाली की व्हेरिएबलही गेलं.

ब्रेकपॉइंटसाठी (कोड मधेच थांबवून तपासण्याच्या खुणांसाठी) 'डीबगपाय' हे साधन बसवलं, अर्थातच क्यूजीआयएसच्या पायथनमध्ये. प्लगिनमधून ५६७८ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकायला सांगितलं आणि व्हीएस कोडने जोडायचं, एवढा साधा बेत. पण ऐकायला सांगताच क्यूजीआयएसची दुसरी खिडकी उघडली. डीबगपाय आपलं सहायक काम वेगळ्या पायथन प्रक्रियेत चालवतं आणि त्यासाठी 'सध्याचं पायथन कोणतं' असं विचारतं. क्यूजीआयएसच्या आत विंडोजवर त्याला पत्ता मिळतो तो क्यूजीआयएसच्याच एक्झीचा. म्हणून ते क्यूजीआयएसच पुन्हा सुरू करतं. ऐकायला सांगण्याच्या आधी 'कॉन्फिगर' फंक्शनमध्ये खऱ्या पायथन एक्झीचा पत्ता द्यायचा, की प्रश्न मिटतो.

त्यानंतरही ब्रेकपॉइंट पोकळ दिसत राहिले. कारण जंक्शन. व्हीएस कोडला फाइल डी ड्राइव्हवर दिसते, क्यूजीआयएसला तीच फाइल प्रोफाइलच्या पत्त्यावर दिसते. जोडणीच्या सेटिंगमध्ये 'पाथ मॅपिंग्ज' देऊन हे दोन पत्ते एकच आहेत हे सांगावं लागतं. शिवाय रिलोड केलं की 'ऐका'ची ओळ पुन्हा चालते आणि 'आधीच ऐकतो आहे' अशी एरर येते. ती ओळ एकदाच चालेल अशी अट घालावी.

आकडा कुठे चुकतो

पहिल्या फेरीत सगळ्या गटांचं क्षेत्र शून्य आलं. प्लगिन बरोबर चालत होतं. जीपीएसचा थर (लेयर) अक्षांश-रेखांशात होता आणि भूमितीचं 'एरिया' त्याच एककात उत्तर देतं, म्हणजे चौरस अंशात. ८१ आरांचा गट आपल्या अक्षांशावर साधारण ०.००००००७ चौरस अंशाएवढा भरतो. दोन दशांशांत तो शून्यच दिसणार.

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. थर यूटीएम ४३ उत्तर या मीटरांत मोजणाऱ्या प्रणालीत, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ मध्ये रूपांतरित करून मोजायचं, किंवा 'क्यूजीएसडिस्टन्सएरिया'ला थराची संदर्भप्रणाली आणि डब्ल्यूजीएस८४ लंबगोल देऊन मोजायचं. खान्देश सगळा या ४३व्या पट्ट्यात बसतो. पट्ट्याची ७५ अंशांची मध्यरेषा अमळनेरजवळून जाते. मध्यरेषेवर यूटीएम अंतरं ०.९९९६ पटीने आखूड दाखवतं. रावेरपर्यंत जाता जाता ती तूट थोडी भरून येते, तरी तिथे हेक्टरमागे सुमारे ५ चौरस मीटर कमी दिसतात. कार्यालयाने दुसरा मार्ग घेतला. पण यावरून वाद घालण्यात हशील नाही. एक हेक्टरच्या चौकोनी शेताचे चारही बांध मोजताना एकेक मीटर बाहेर धरले तर क्षेत्र ४०४ चौरस मीटरने फुगतं, आणि हातातल्या साध्या जीपीएसची चूक मीटरभराहून मोठीच असते.

गुंठ्याची चूक मात्र खिशाला लागते. कोडमध्ये गुंठा १०० चौरस मीटर धरला होता; तो आर झाला. गुंठा १०१.१७ चौरस मीटरांचा, ४० गुंठ्यांचा एकर. ६ बाय ५ फुटांवर लागवड धरली तर एकरी १,४५२ रोपं बसतात, आणि या चुकीने एकरामागे १७ रोपं जास्त मागवली जातात. टिश्यूकल्चरचं रोप काही फुकट येत नाही.

रूपांतराचं फंक्शन वेगळ्या फाइलीत काढलं, जिच्यात क्यूजीआयएसचं एकही इम्पोर्ट नाही. त्यामुळे ते साध्या पायथनमध्ये पायटेस्ट या चाचणीच्या साधनाने क्षणात तपासता येतं. क्यूजीआयएस लागतच नाही. तिथेच एक गंमतशीर चूक पकडली गेली. ९,९९९.७ चौरस मीटर दिले तर उत्तर आलं ०.९९.१००. हेक्टर आणि आर आधी कापून घेतले आणि उरलेले ९९.७ शेवटी पूर्णांकात आणले, म्हणून. आधी सगळं क्षेत्र पूर्ण चौरस मीटरांत आणायचं, मग भाग द्यायचा, म्हणजे १.००.०० येतं.

रकान्यांची नावं मराठीत हवी होती. शेप-फाइलमध्ये (नकाशाच्या जुन्या फाइल-प्रकारात) रकान्याच्या नावाला १० बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्राही वेगळी मोजून. 'गट क्रमांक'चं 'गट क' एवढंच उरतं. थर जिओपॅकेज या नव्या फाइल-प्रकारात ठेवला की ही कटकट नाही.

वाटप

मोजणीवाल्यांच्या मशीनवर जंक्शन नाही, झिप. झिपच्या आत सर्वांत वर प्लगिनचं फोल्डर असलं पाहिजे, सुट्या फाइली नव्हेत. गिटहबवरून उतरवलेल्या झिपमध्ये फोल्डरच्या नावाला '-मेन' असं शेपूट असतं. ते तसंच बसवलं तर प्लगिन वेगळ्याच नावाने बसतं आणि पूर्ण नावाने केलेली इम्पोर्टं मोडतात. 'पायकॅश' आणि गिटची फोल्डरं झिपमध्ये घालू नयेत.

चार मशीनवर पेन ड्राइव्ह फिरवण्यापेक्षा एका मशीनवर पायथनचा साधा एचटीटीपी सर्व्हर लावला, त्यावर झिप आणि प्लगिनांची यादी देणारी एक्सएमएल फाइल ठेवली, आणि बाकीच्यांच्या प्लगिन मॅनेजरमध्ये तिचा पत्ता भांडार म्हणून दिला. मेटाडेटात आणि एक्सएमएलमध्ये आवृत्तीचा आकडा वाढवला नाही तर 'अपग्रेड' दिसतच नाही, आणि मग 'नवीन टाकलं म्हणता, पण आलंच नाही' असा फोन येतो.

वीज. मे महिन्यात दुपारी ती जाणार हे धरूनच चालावं. सेव्ह होता होता वीज गेली तर फाइलीचा आकार तसाच राहतो पण आत शून्य किमतीचे (नल) बाइट भरलेले असू शकतात, आणि पायथन 'नल बाइट्स'ची तक्रार करतं. एडिटरमध्ये अशी फाइल रिकामी किंवा विचित्र चिन्हांची दिसते. ती दुरुस्त करत बसू नये. गिटमधून मागची प्रत काढावी. त्यासाठी दुसऱ्या मशीनवर एक बेअर रिपॉझिटरी (नुसता गिटचा इतिहास ठेवणारी) ठेवली आणि प्रत्येक चालत्या टप्प्यावर तिकडे पुश करण्याची सवय लावली, कारण अशा झटक्यात त्याच डिस्कवरचं गिटही बिघडू शकतं.

क्यूजीआयएस ४ हे क्यूटी ६ (खिडक्या-बटणांची लायब्ररी) वर आहे, त्यामुळे आत्ताच चार गोष्टी पाळलेल्या बऱ्या. 'पायक्यूटी५'मधून थेट इम्पोर्ट न करता 'क्यूजीआयएस डॉट पायक्यूटी'मधून करावं. एनमची (ठरावीक पर्यायांच्या यादीतली) नावं पूर्ण लिहावीत. डायलॉग उघडताना 'एक्झेक'च्या मागचं अंडरस्कोअर गाळावं. आणि मेटाडेटात कमाल आवृत्ती लिहिली नाही तर ती ३.९९ धरली जाते, म्हणून कोड तपासून झाल्यावर तिथे ४.९९ लिहावं, नाहीतर चांगलं चालणारं प्लगिनही नव्या मशीनवर 'विसंगत' म्हणून लाल दिसेल.